दोन अक्षरांमधला दम

हिराजीदादा गेल्याचं मला कळलं ते सकाळी सव्वानऊला, कंट्रोल रूमच्या फोनवर. त्यांच्या पुतण्याचा पेणहून फोन होता. "मॅडम, दादा गेले. दम लागला नि..." एवढं बोलून तो थांबला. मी "अरे देवा" म्हटलं, आणखी काहीबाही म्हटलं, रिसीव्हर ठेवला आणि खुर्चीत बसले. हे लिहायला लाज वाटते, पण मला आधी रडू आलं नाही. भीती वाटली. 'दम लागला' हे दोनच शब्द डोक्यात फिरत राहिले. तो दम कुठल्या दुपारी सुरू झाला असेल, याचा मला चार वर्षं संशय होता आणि चार वर्षं मी एकाही माणसाला तो बोलून दाखवला नव्हता. खुद्द दादांनाही नाही. आज त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहितात, तशा मीही लिहीन. पण त्या लिहिताना माझी एक गोष्ट मध्ये येणारच, ती टाळून दादांबद्दल लिहिताच येत नाही.

हिराजी म्हात्रे म्हणजे धाटावच्या आमच्या केमिकल कंपनीतले सेफ्टी विभागाचे सर्वांत जुने ऑपरेटर. गाव पेणजवळ, खाडीच्या कडेला. घरची मिठागरं होती, लहानपण त्या मिठातच गेलेलं. हाताच्या भेगा पाहिल्या की कळायचं. रोज पेणहून एसटीनं रोह्याला यायचे आणि पुढे कंपनीच्या बसनं धाटावला. मी अष्टमीची, रोह्याहून नदीच्या पलीकडची. नुकता कॉम्प्युटरचा कोर्स करून कंपनीत लागले होते, वय चोवीस, आणि अख्ख्या प्लँटमध्ये बाईमाणूस मी एकटी. सगळे 'मॅडम' म्हणायचे, ते मानानं की थट्टेनं हे मला कधी कळलं नाही. दादांनी पहिल्याच दिवशी 'बाय' म्हटलं. माझ्या यंत्राभोवती एक चक्कर मारली, हात मागे बांधून खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "याला वास येतो का गो?" मी म्हटलं, "नाही दादा, याला नाक कुठलं?" तर म्हणाले, "मंग आमच्या कामाला याचा काय उपेग? आमचं समदं काम नाकाचं." मला हसू आलं. आता येत नाही.

आमच्याकडे क्लोरीन वापरतात. नळाच्या पाण्याला जो वास येतो तोच, पण मोकळा सुटला तर माणसाची छाती जाळतो. पाईपला पाईप जिथे जोडलेला असतो त्या सांध्यातून तो सुटायची भीती, म्हणून सांधे तपासायचे. पद्धत साधी आहे. अमोनियाच्या पाण्याची छोटी बाटली सांध्याजवळ धरायची. गळती असली तर पांढरा धूर दिसतो. तपासून झालं की सांध्यावर खडूची रेघ ओढायची. चार विभाग, प्रत्येकात शंभरेक सांधे, एका शिफ्टला सगळे होणं शक्य नाही. पूर्वी ठरलेल्या क्रमानं फेरी व्हायची, आणि क्रम ठरलेला म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. चहाच्या बाकावर बसून फेरी पुरी व्हायची. म्हणून साहेबांनी ठरवलं की कुठले दहा सांधे बघायचे हे दर शिफ्टला कॉम्प्युटर चिठ्ठी छापून सांगेल, आणि कुणालाही आधी कळता कामा नये. ते काम माझ्याकडे आलं.

त्या कामाला यंत्र मिळालं एकच, आणि विभाग चार. मग मी एकाच यंत्राच्या पोटात चार यंत्रं असल्यासारखी मांडणी केली. पडद्यावर चार चौकोन, प्रत्येकात एका विभागाचा प्रोग्राम, आणि प्रत्येकाला वाटायचं की हे यंत्र आपलं एकट्याचंच आहे. ते बसवायला मुंबईहून आलेला इंजिनिअर त्या चौकोनांना 'गेस्ट' म्हणायचा. दादांनी त्याचे पाहुणे केले. आल्या आल्या विचारायचे, "काय गो बाय, चारी पाव्हनं उठलं का?" आणि मी ऐटीत म्हणायचे, "उठले, आंघोळी करून बसलेत." काय मी हुशार, काय माझा प्रोग्राम! साहेब बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन यायचे तेव्हा आधी माझ्या टेबलापाशी आणायचे.

आता चूक सांगते. कॉम्प्युटरला मनानं काही सुचत नाही. 'कुठलाही आकडा सांग' म्हटलं तरी तो एका आकड्यावरून दुसरा गणितानंच काढतो. सुरुवातीचा आकडा तेवढा बाहेरून द्यावा लागतो. त्याला आम्ही 'बी' म्हणायचो. बी तेच दिलं की पुढची सगळी रांग तीच. मी ते बी यंत्राच्या घड्याळातून घेत होते, कारण वेळ काही पुन्हा येत नाही. निदान माझी तशी समजूत होती. पण आमच्या प्लँटमध्ये एक जुना रिवाज होता: शिफ्ट संपली की आपल्या हातातलं यंत्र बंद करून द्यायचं आणि पुढच्यानं ते स्वतः चालू करून घ्यायचं. पंपांसाठी उत्तम नियम. लोकांनी तोच माझ्या कॉम्प्युटरला लावला, आणि मला उलट कौतुक वाटलं, केवढी ही शिस्त! त्यात पावसाळ्याच्या दमटपणानं यंत्राच्या घड्याळाचा सेल मेला. मग यंत्र बंद करून चालू केलं की ते आपली तारीख विसरायचं आणि दर वेळी एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीपासून सुरू व्हायचं. चिठ्ठ्यांवर ती तारीख छापून यायला लागली. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, ऐंशी साली तुम्ही परकरात असाल, चिठ्ठ्या कशा काढल्यात?" सगळे खो खो हसले. माझ्या कानशिलाला आग लागली. नवा सेल मागवायचा तर अर्ज, सह्या, पंधरा दिवस. मी काय करावं? चिठ्ठीवर तारीख छापायचीच बंद केली. 'पेनानं लिहा' म्हटलं, विषय संपला. दहा मिनिटांचं काम, चहाच्या आधी उरकलं.

सध्या जो तो मला विचारतो, दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर तारखा विसरतील म्हणतात, ते खरं का? मी हो-नाही करते आणि विषय बदलते. विसरलेल्या तारखेनं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

चारेक महिन्यांनी एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपता संपता, दादा माझ्या टेबलाशी आले. "जरा ये गो संगती, एक गंमत दाखवतो." आवाजात गंमत नव्हती. मी त्यांच्यामागून पाईपांच्या रांगेत गेले. एका सांध्यावर खडूच्या इतक्या रेघा होत्या की तो चुन्यानं सारवल्यासारखा दिसत होता. "ह्यो बारा नंबर," ते म्हणाले. त्याच्या शेजारच्या सांध्यावर एकही रेघ नव्हती. तिथे कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि जाळ्यात एक वाळलेली माशी लटकत होती. "ह्यो तेरा. याला चिठ्ठी कवा आली?" मग त्यांनी मला दुसऱ्या विभागात नेलं, तिथेही बारा पांढराफेक आणि तेरा कोरा. तिसऱ्या विभागातही तेच. "चारी पाव्हन्यांना तू एकच ताट वाढतेस गो बाय. आनि रोजचं तेच."

बघता बघता सगळं डोळ्यांपुढे आलं. यंत्र दर शिफ्टला नव्यानं सुरू होत होतं, दर वेळी ऐंशी सालापासून, दर वेळी तेवढेच सेकंद मोजून. एखादा सेकंद इकडेतिकडे, म्हणून तीन-चार याद्या आलटून पालटून येत होत्या, बस्स. चारही चौकोन एकाच क्षणी उघडत होते, म्हणून चारही विभागांना तेच आकडे. शंभरातल्या साठ-सत्तर सांध्यांना चार महिन्यांत कुणी बाटली लावलेली नव्हती! आणि लोकांना कळलं नव्हतं असंही नाही. खालचे, हाताला येणारे सांधे वारंवार येतायत, शिडी चढावी लागत नाही, मग तक्रार कोण करतो? ज्याला त्याला वाटलं आपलं नशीब जोरावर आहे. मी दादांना म्हटलं, "आता काय करायचं?" ते म्हणाले, "आता बोंबलायचं नाय. बघायचं."

त्यांनी दोन माणसं घेतली, मास्क चढवले आणि कोऱ्या सांध्यांची फेरी सुरू केली. मी तिथे थांबायला नको होतं, नियमच होता तसा. पण माझे पाय निघेनात. मी खाली उभी राहून वर बघत होते आणि एकेका सांध्याला मनात नवस बोलत होते. तिसऱ्या विभागात, वरच्या पाईपावर, दादांनी बाटली पुढे केली आणि पांढरा धूर दिसला. दोऱ्याएवढा... मग बोटाएवढा. वारा माझ्याकडे होता. दादांनी खाली पाहिलं, मी तशीच उभी. मास्कमधून आवाज येईना, म्हणून त्यांनी तो ओढून खाली केला आणि ओरडले, "बाय, पळ! वाऱ्याला आडवी पळ!" मला ऐकू आलं, कळलंही, पण मी हललेच नाही. ते पुन्हा ओरडले. मग तिसऱ्यांदा, तेव्हा खोकत ओरडले. तिसऱ्या हाकेला मी पळाले. त्या तीन हाका मी नंतर किती वेळा मोजल्या असतील त्याला गणती नाही. पहिल्याच हाकेला पळाले असते तर त्यांनी मास्क लगेच वर केला असता.

गळती लहान होती. दोघा माणसांनी पाईप बंद केला, भोंगा झाला, गेटबाहेर सगळ्यांची मोजणी झाली, बाकी कुणाला काही झालं नाही. दादा तीन दिवस रोह्याला दवाखान्यात होते. मी गेले तेव्हा डोळे लाल, आवाज बसलेला, उशीला टेकून भाताची पेज पीत होते. कंपनीच्या कागदावर त्यांनी लिहून दिलं होतं: 'नेहमीच्या फेरीत सापडलं.' मी म्हटलं, "दादा, मी साहेबांना सगळं खरं सांगते." ते म्हणाले, "सांग की. पन आधी नीट कर. तुला काढली तर नीट कोन करनार, तो मुंबईवाला?" मग नीट झालं, आणि मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू... झाकली मूठ झाकलेलीच राहिली. दादांनी एकदाही आठवण केली नाही, आणि ते आठवण करत नाहीत याचीच मला जास्त भीती वाटायची.

नीट करणंही सोपं नव्हतं. मी नवा सेल बसवला, पण चार चौकोन एकाच क्षणी उघडणार ते उघडणारच, म्हणजे बी चौघांना एकच. त्यांना स्वतःचं असं बाहेरचं काही दिसतच नव्हतं. दादा कामावर परत आले तेव्हा मी हे रडगाणं त्यांच्यापुढे गायलं. त्यांनी टेबलावर बोटानं रेघा काढल्या. "आमच्या मिठाच्या आगरात वाफ्याला पानी आपोआप येतं काय? खाडीचं पानी एका दारातून घ्यायाचं, मोठ्या खड्ड्यात साठवायचं, मंग वाफ्यावाफ्यात सोडायचं. तुझं दार कंचं?" दार माणसाचं असायला हवं होतं. मग मी असं केलं की शिफ्ट सुरू होताना यंत्र थांबेल आणि माणसाला कीबोर्डवर काहीही टाईप करायला सांगेल. अक्षरं कुठली ते यंत्र बघणार नाही. दोन अक्षरांच्या मध्ये माणूस किती थांबला तेवढंच मोजेल, सेकंदाच्या बारीक बारीक तुकड्यांत. ती थांबणी घुसळून त्यातून चार निराळी बियाणी काढेल आणि चौघांना एकेक वाटेल.

सकाळच्या शिफ्टला हे काम दादांचं. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत ते टाईप करायचे. काय, तर त्यांचा रोजचा रस्ता: पेण, वडखळ, कासू, नागोठणं, रोहा, धाटाव. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. "दादा, रोज तेच नका लिहू! पुन्हा तेच आकडे यायचे!" ते मान न वळवता म्हणाले, "अक्षरं कुठं मोजतंय तुझं यंत्र? थांबनं मोजतंय ना? मी दम घेतो तो रोज येगळा." प्रोग्राम मी लिहिला होता आणि तो मला समजावून ते सांगत होते! मी तरीही महिनाभर त्यांची थांबणी एका फ्लॉपीवर उतरवून तपासली. कधीच एकसारखी आली नाहीत. पुढे सवयीनं उतरवतच राहिले.

त्या फ्लॉपीबद्दलही सांगायला हवं. दर वर्षी ती थांबणी लांबत गेली. नागोठणं लिहिताना ते मध्ये दोनदा थांबायचे, मग तीनदा. मला आकड्यांत दिसत होतं, आणि मी मूर्ख, खूश होत होते, कारण थांबणं जितकं लांब आणि वेडंवाकडं तितकं बी चांगलं. शेवटच्या दिवशी, गेल्या दिवाळीच्या आधी, त्यांना ती सहा नावं लिहायला इतका वेळ लागला की मागचा ऑपरेटर चुळबुळ करायला लागला. लिहून झाल्यावर दादा खुर्चीला टेकले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आज चांगलं आकडं येतील बघ. लय थांबलो." मी हसले. चक्क हसले! दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले आणि परत आले नाहीत. मी त्यांना घरी बघायला गेले नाही. कामं होती असं मी स्वतःला सांगत होते.

तेरावं झाल्यावर मात्र राहवेना. एसटीनं वडखळला उतरले, तिथून रिक्षानं त्यांच्या गावी. वहिनी ओटीवर वाल निवडत बसल्या होत्या. मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "तू रोह्याची बाय ना गो? बस." पाणी दिलं, चहा टाकला. कप रिकामा होईपर्यंत मी नुसतेच घोट घेत राहिले. शेवटी एका दमात विचारलं, "वहिनी, डॉक्टर काय म्हणाले? दादांचा तो दम... कशानं?"

वहिनींचे हात थांबले. शाळेतल्या पोरीनं कविता म्हणावी तशा सरळ समोर बघून म्हणाल्या, "विडीनं. लय विड्या वढल्या, छाती खराब झाली, त्यानं गेलं."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खरंच उतरला, खोटं कशाला सांगू? क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी बघितलं आणि वहिनींनी मान खाली घातली. सुपातले वाल उगाच इकडून तिकडे केले.

"नाय गो," त्या हळूच म्हणाल्या. "विडीला जन्मात हात नाय लावला त्यांनी. त्यांनीच सांगून ठेवलंवतं. रोह्याची बाय येईल, भिऊन येईल, तिला सांग विडीनं गेलो म्हून. चार दिस माझ्याकडून घोकून घेतलं. बोलाया दम नव्हता, तरी घोकून घेतलं. पन मला खोटं बोलता नाय येत, काय करू?"

"मग कशानं वहिनी? त्या दिवशीच्या..."

"डाक्तरलाबी नाय सांगता आलं. म्हनला, तीस वर्सं त्या वासात काढली, कंचा दिस नडला ते कोन सांगनार?"

म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. यापुढे मला कुणीच सांगू शकणार नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून मोठ्यानं रडले, शेजारची बाई घाबरून आपली पिशवी मांडीवर घेऊन बसली. सोमवारी मी साहेबांसमोर उभी राहिले आणि सेलपासून तीन हाकांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिहून द्या." लिहून दिलं आहे. निकाल अजून आलेला नाही. नोकरी जाईल बहुतेक, त्याची धाकधूक आहेच, पण दादांच्या दमाची ती दुसरी भीती हिच्याहून फार मोठी आहे आणि ती कुठे जाणार नाही.

सकाळच्या शिफ्टला आता यंत्रासमोर मी बसते. ते थांबून विचारतं, काहीही लिहा. दादांचा रस्ता लिहायला माझं बोट धजत नाही. मी इंग्रजी अक्षरांत रोज एकच वाक्य लिहिते: ते विडी ओढत नव्हते. चार शब्द, पण बोट मध्येच थांबतं, कधी पुसून पुन्हा लिहावं लागतं. यंत्र ती थांबणी मोजून घेतं, चारही चौकोनांना वेगवेगळं बी वाटतं, चिठ्ठ्या निघतात, आणि माणसं अमोनियाच्या बाटल्या घेऊन शिडीवर चढतात.